आधी होज पाइप, मग डिस्क
गॅरेजात मिस्त्रींनी पद्मिनीच्या पुढच्या चाकाचा रबरी होज पाइप काढला आणि ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून पाइप धडधाकट होता, पण आतलं रबर फुगून सुई जेमतेम जाईल एवढीच वाट उरली होती. पायाच्या जोरानं ब्रेक ऑइल त्यातून पुढे जायचं. ते परत ढकलण्याएवढी ताकद मात्र शूच्या स्प्रिंगमध्ये नव्हती. म्हणून पाय उचलला तरी ते चाक धरून राहायचं आणि गाडी उजवीकडे ओढायची. मालक आले होते ते डिस्क ब्रेक बसवून घ्यायला!

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, पण कुर्ल्याला बनलेल्या या गाड्या हौशी मंडळींनी अजून जिवापाड जपल्या आहेत. त्यांना आजच्या रहदारीत चांगले ब्रेक हवेतच. फक्त कामाचा क्रम चुकू नये.

ब्रेक गतीची उष्णता करतो. माणसांसह साधारण 1000 किलोची गाडी ताशी 60 किलोमीटरवरून थांबवली, तर सुमारे 139 किलोज्यूल ऊर्जा निघते. तेवढ्यात लिटरभर पाणी 30 अंशांवरून 63 वर जाईल. वेग 80 असेल तर तेच पाणी 89 अंशांवर पोचेल, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत गाडी जवळपास 500 मीटर खाली उतरते. त्या उतरणीची ऊर्जा सोळा-सतरा लिटर पाण्याला उकळी आणेल. हवा आणि टायर त्यातला काही वाटा उचलतात. गाडी दुसऱ्या गियरमध्ये असेल तर इंजिनही उचलतं. न्यूट्रलवर सोडली तर बाकी सगळा भार ब्रेकवर.

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम आहेत. ड्रम तापला की प्रसरण पावून शूवरच्या लायनरपासून, म्हणजे घर्षणपट्टीपासून, दूर सरकतो, शिवाय लायनरची पकडही उतरते. डिस्क उघडी असते, त्यामुळे लवकर निवते आणि डबक्यातून गेल्यावर पाणीही झटकून टाकते. डिस्कचा फायदा खरा आहे.

पण ड्रममध्ये एक हुशारी दडलेली आहे. फिरता ड्रम दोनपैकी एका शूला स्वतःकडे ओढून घेतो आणि पायाचा जोर आपसूक वाढतो. डिस्कला ही मदत नाही. त्यामुळे नुसत्या डिस्क बसवल्या तर पॅडल दगडासारखं लागतं आणि व्हॅक्यूम बूस्टर घ्यावा लागतो. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या मोठ्या पिस्टनला ऑइल जास्त लागतं, म्हणून मास्टर सिलिंडरही जुळणारा हवा. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरात नळ्यांत थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असू शकतो. तो तसाच राहिला तर पॅड डिस्कला सतत घासत राहतात आणि पुढची चाकं भट्टीसारखी तापतात.

म्हणून पहिला खर्च होज पाइप, वॉशर आणि नव्या ऑइलवर करावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट-3 प्रकारचं ताजं ऑइल किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरल्यावर ही मर्यादा 140 पर्यंत घसरू शकते. घाटात ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे दबतात आणि पॅडल तळाला जातं. दुसरा खर्च दोन स्वतंत्र सर्किटच्या मास्टर सिलिंडरवर. एकाच सर्किटच्या गाडीत एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. मला हा बदल डिस्कपेक्षा मोलाचा वाटतो. (जुन्या लायनरच्या भुकटीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या नळीनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा.)

मग खुशाल डिस्क बसवा, त्याही पुढेच. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. काम झाल्यावर मोकळ्या मैदानात ताशी 30च्या वेगानं जोरात ब्रेक दाबा. बाजूला दूर उभ्या असलेल्या माणसानं कोणतं चाक आधी थांबून घसरतं ते बघावं. पुढचं घसरलं तर गाडी सरळ रेषेत राहते. मागचं आधी घसरलं तर ती गिरकी घेऊ शकते. अशा वेळी मागच्या नळीवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या आणि मैदानात पुन्हा जा.