पावसाळी सहल आणि दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर

जुलैतल्या शनिवारी सकाळी चांदणी चौक ओलांडला, की गाड्यांची रांग भूगाव, पिरंगुट, पौड मागे टाकत मुळशी धरणाकडे सरकू लागते. कुणाला ताम्हिणीतले धबधबे पाहायचे असतात, कुणाला धरणाकाठी दोन दिवस नुसतं पडून राहायचं असतं. या गाड्यांमध्ये दम्याचा त्रास असलेली मुलं असतात, धाप लागणारे आजी-आजोबा असतात. ‘शहराच्या धुरातून जरा मोकळ्या हवेत जाऊन या,’ असं कुणीतरी त्यांना सांगितलेलं असतं.

दुपारनंतर पाऊस धरतो. हिरवळीवर पांगलेले पाहुणे छपराखाली येतात. जेवणाचा हॉल भरतो, व्हरांड्यातल्या खुर्च्या भरतात, खोल्यांच्या गॅलऱ्यांमध्ये गप्पा रंगतात. अशात शेजारच्या गॅलरीत कुणीतरी सिगारेट पेटवतो. पेटवणाऱ्याच्या दृष्टीने तो ‘बाहेर’ ओढत असतो. पण वारा या खोलीकडे वाहत असेल, तर थोड्याच वेळात आतल्या मुलाला खोकल्याची उबळ येते आणि छातीतून शिटीसारखा आवाज येऊ लागतो. आई खिडकी लावून घेते. आता धूर आत आणि मोकळी हवा बाहेर, अशी स्थिती होते.

समुद्रावर फिरणाऱ्या पर्यटन जहाजांवर धूर न सोसणाऱ्या प्रवाशांना ही अडचण नेहमी येते. केबिनला केबिन लागून, गॅलरीला गॅलरी लागून, आणि जहाज सोडून जाता येत नाही. पावसाळ्यातला मुळशीचा मुक्काम काहीसा असाच होतो. ताम्हिणी हा राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक. रात्री घाटात धुकं उतरलेलं असतं, रस्ता निसरडा असतो, मोबाइलला अनेक ठिकाणी रेंज नसते. त्रास झाला म्हणून मध्यरात्री मूल घेऊन निघणं सोपं नसतं. म्हणून या धुराचा विचार निघण्याआधीच करायला हवा.

हे नखरे नव्हेत

‘एवढ्याशा धुरानं काय होतंय?’ हा प्रश्न अशा वेळी हमखास विचारला जातो. खोलीत पसरणाऱ्या धुराचा मोठा भाग ओढणाऱ्याने सोडलेला नसतो. तो दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात सिगारेटच्या जळत्या टोकातून थेट हवेत गेलेला असतो. तो फिल्टरमधून आलेला नसतो आणि कमी तापमानाला जळाल्यामुळे त्यात अनेक विषारी घटक जास्त असतात. तंबाखूच्या धुरात सात हजारांहून अधिक रसायनं आहेत आणि त्यांतली सुमारे ७० कर्करोगाला कारणीभूत ठरतात. त्यातले बहुतेक कण एक मायक्रॉनहून लहान असतात. नाकातले केस आणि घशातला ओलावा त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसात खोलवर पोचतात.

दमा असलेल्या माणसाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या आणि हळव्या असतात. धूर लागताच त्यांच्याभोवतीचे स्नायू आकसतात, आतलं अस्तर आणखी सुजतं, चिकट कफ वाढतो. हवेची वाट तिन्ही बाजूंनी अरुंद होते. ही परागकणांसारखी ॲलर्जी नसते, धूर हा सरळ दाहक पदार्थ आहे. त्यामुळे ॲलर्जीची चाचणी निर्दोष आली तरी धुराने त्रास होऊ शकतो. मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात आणि त्यांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. म्हणजे त्याच खोलीतल्या त्याच हवेतून मूल वजनाच्या मानाने जास्त धूर आत घेतं.

दम्यापलीकडेही धोका आहेच. ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने १९८१ मध्ये ९० हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. स्वतः कधीही सिगारेट न ओढलेल्या, पण नवरा भरपूर ओढत असलेल्या स्त्रियांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जास्त आढळले. त्यावर बराच वाद झाला, पण पुढच्या अभ्यासांनी तेच दाखवलं. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने तर स्पष्टच सांगितलं, की दुसऱ्याच्या धुराची ‘सुरक्षित मात्रा’ अशी काही नसते आणि पंखे किंवा वायुवीजन यांनी हा धोका पूर्ण जात नाही.

उघड्यावर अंतर, आत भिंत

मग उघड्यावर ओढलेली सिगारेट चालते का? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये उघड्या जागी हवेतले कण मोजले. ओढणाऱ्यापासून हातभर अंतरावर बसलेल्याला मिळणारा धूर बंद खोलीतल्या धुराच्या तोडीचा असू शकतो, असं त्यांना दिसलं. मात्र दोन मीटरपलीकडे तो झपाट्याने विरळ होतो आणि सिगारेट विझली की लगेच नाहीसा होतो. बंद खोलीत तसं होत नाही, तिथे सिगारेट विझल्यावरही धूर बराच वेळ टिकतो.

म्हणजे उघड्या हिरवळीवर चार पावलं लांब जाऊन, वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसून काम भागतं. पण तीन बाजूंनी प्लास्टिकचे पडदे सोडलेला व्हरांडा किंवा तंबू म्हणजे उघडी जागा नव्हे. पावसाळ्यात मुळशीतले बहुतेक पाहुणे बसतात ते अशाच जागी.

खोलीतली काही यंत्रंही उलटं काम करतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची ताजी हवा आणत नाही. बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा लावला, की बाहेर गेलेल्या हवेची जागा भरायला दुसरी हवा फटींमधून आत ओढली जाते. गॅलरीत धूर असेल तर आत येतो तो धूरच. सुगंधी फवारे वास झाकतात, हवा शुद्ध करत नाहीत; उलट हळव्या छातीला आणखी एक त्रास देतात. हेपा गाळणीचं यंत्र कण बरेचसे पकडतं, पण धुरातले सगळे वायू पकडत नाही.

पडद्यात राहिलेला धूर

ओढणारा पाहुणा निघून गेला, खोली झाडून-पुसून झाली, तरी पडदे, गाद्या आणि भिंती यांवर निकोटिन आणि इतर रसायनं चिकटून राहतात आणि हळूहळू पुन्हा हवेत येतात. याला ‘तिसऱ्या हाताचा धूर’ म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की पृष्ठभागावरचं निकोटिन हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावून कर्करोगजनक संयुगं तयार करू शकतं.

कॅलिफोर्नियातल्या हॉटेलांची पाहणीही बोलकी आहे. ज्या हॉटेलांत काही खोल्या धूम्रपानासाठी आणि काही ‘धूररहित’ होत्या, तिथल्या धूररहित खोल्यांमध्येही निकोटिनचे अंश आढळले. संपूर्ण धूम्रपानबंदी असलेल्या हॉटेलांतल्या खोल्यांपेक्षा जास्त. म्हणून मुक्काम ठरवताना ‘नो-स्मोकिंग खोली आहे का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘संपूर्ण जागाच धूररहित आहे का?’ असं विचारावं.

कायदा काय सांगतो?

आपल्याकडच्या बंदीमागे एका मुंबईकराची याचिका आहे. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली. २००३ मध्ये सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादनांचा कायदा आला आणि २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम देशभर लागू झाले. नियम मोडणाऱ्याला २०० रुपयांपर्यंत दंड आहे. प्रवेशद्वारावर धूम्रपानबंदीचा फलक हवा, त्यावर तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव हवं. सार्वजनिक जागी ॲशट्रे, काडेपेटी, लायटर ठेवायलाही मनाई आहे.

मुळशीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती खोल्यांची अट. वेगळी धूम्रपानाची जागा ठेवण्याची मुभा २००८ च्या नियमांनी ३० किंवा अधिक खोल्यांच्या हॉटेलांना आणि ३० किंवा अधिक लोक बसू शकतील अशा उपाहारगृहांनाच दिली. तीही चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि धूर थेट बाहेर सोडणारी व्यवस्था असेल तर. धरणाकाठची कृषी पर्यटन केंद्रं, बंगले, होम-स्टे यांतली अनेक ठिकाणं पाच-दहा खोल्यांची असतात. ‘आमच्याकडे स्मोकिंग झोन आहे’ असं सांगून जेवणाच्या हॉलचा कोपरा दाखवला जात असेल, तर तो या नियमात बसत नाही.

मालकांना पाहुणे तुटण्याची भीती वाटते. पण २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के आहेत. तंबाखू कोणत्याही रूपात वापरणाऱ्यांचं प्रमाण २६.६ टक्के आहे, पण त्यातले बहुतेक तंबाखू चघळणारे किंवा मशेरी लावणारे आहेत. शंभरातल्या चौघांसाठी उरलेल्या शहाण्णवांनी खिडक्या का लावून घ्यायच्या?

निघण्यापूर्वी आणि पोचल्यावर

खोली ठरवतानाच फोनवर स्पष्ट सांगावं, की आमच्यासोबत दम्याचा रुग्ण आहे. गॅलरीत सिगारेट ओढू देता का, जेवणाची जागा बंदिस्त आहे का, शेकोटी कुठे पेटवता, हे विचारून घ्यावं आणि ठरलेलं लेखी संदेशात मागून घ्यावं. कडेची, शेजार कमी असलेली खोली मागावी. पोचल्यावर सामान उतरवण्याआधी खोलीत दोन मिनिटं उभं राहून पडद्यांचा वास घ्यावा. शिळ्या सिगारेटचा किंवा बुरशीचा वास आला तर तेव्हाच खोली बदलून मागावी. रात्री अकराला मागणं अवघड जातं.

धूर येऊ लागला तर आधी रुग्णाला तिथून हलवावं, वाद नंतर घालावा. शेजाऱ्याशी बोलताना ‘तुम्ही नियम मोडताय’ यापेक्षा ‘माझ्या मुलाला दमा आहे, जरा पलीकडे जाल का?’ हे बहुधा लवकर ऐकलं जातं. नाहीच ऐकलं तर व्यवस्थापकाला सांगावं. तक्रारीवर कार्यवाही करणं ही नियमानुसार त्यांची जबाबदारी आहे.

अवघड जातं ते घरच्या माणसाला सांगणं. त्याच पाहणीत देशातल्या ३८.७ टक्के प्रौढांना घरातच दुसऱ्याचा धूर सोसावा लागत असल्याचं दिसलं. बंदिस्त जागी काम करणाऱ्यांमध्ये कामाच्या ठिकाणी धूर सोसणारे ३०.२ टक्के होते. सहलीला आलेले काका किंवा मेहुणे गाडीची काच चार बोटं खाली करून सिगारेट ओढतात, आणि मागच्या सीटवर मूल बसलेलं असतं. काच उघडल्याने गाडीतला धूर जात नाही. ‘गाडीत आणि खोलीत कुणीच ओढायची नाही’ हे निघण्याआधी सगळ्यांसमोर ठरलं, तर कुणा एकाचा अपमान होत नाही.

सिगारेट टाळली म्हणजे धूर टळला असंही नाही. पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं होतं, की सीओपीडी या श्वसनविकाराच्या रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं, चुलीचा धूर हे त्यामागचं एक मोठं कारण आहे. शेकोटीचा धूरही लाकडाचाच. आणि डासांच्या कॉइलबद्दल २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवलं, की एक कॉइल जळताना ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण सोडते. शेजाऱ्याची सिगारेट नको म्हणून खिडकी लावायची आणि आत कॉइल पेटवायची, हे रुग्णाच्या छातीला परवडणारं नाही. मच्छरदाणी बरी.

दम्याच्या रुग्णाची रोजची औषधं सहलीतही चुकवू नयेत. तातडीचा पंप आणि स्पेसर डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावा. तो कधी, किती घ्यायचा हे डॉक्टरांकडून आधी लिहून घ्यावं. त्रास सुरू झाला तर रुग्णाला आडवं न झोपवता ताठ बसवावं आणि पंप द्यावा. पंपाने उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. मुक्कामाच्या जागी रेंज कुठे मिळते आणि जवळचं रुग्णालय कुठलं, हे उजेड असतानाच विचारून ठेवावं.

आणि ज्याला सिगारेट सोडायची आहे, त्याच्यासाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी आहे. सोडणं एका सहलीत होणार नाही. पण दोन दिवस छत्री घेऊन, व्हरांड्यापासून लांब जाऊन ओढणं कुणालाही जमेल. तेवढ्यानेही शेजारच्या खोलीतल्या मुलाला रात्रभर खिडकी उघडी ठेवून झोपता येईल. मोकळ्या हवेसाठी इतक्या लांब आलेल्या त्या मुलाला तेवढंच हवं असतं.