शेततळ्यातला रोहू 'ओमेगा-३' होतो का? आधी गोणीत काय आहे ते बघा

कर्जतच्या मागच्या बॅचला एका मुलाने विचारलं, "सर, रोहूला जवस खाऊ घालून 'ओमेगा-३ मासा' म्हणून विकला तर मुंबईचं गिऱ्हाईक जास्त भाव देईल ना?" व्हिडिओत घाईत उत्तर दिलं होतं, इथे नीट लिहितो. या धंद्यात निम्म्याहून जास्त पैसा खाद्यातच जातो, त्यामुळे प्रश्न साधा नाही.

आपल्या कर्जत-खालापूरच्या भातपट्ट्यात माशाचं खाद्य म्हणजे गिरणीचा कोंडा आणि शेंगदाणा पेंड, निम्मं-निम्मं. स्वस्त पडतं, मासा वाढतोही. पण दोन्हींच्या तेलात ओमेगा-६ भरपूर. ओमेगा-३ कोंड्याच्या तेलात शंभरात एक-दोन भाग, शेंगदाण्यात जवळपास नाहीच.

आता माशाच्या आत काय होतं? ही दोन मूळ फॅटी ॲसिड त्याला स्वतः बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. पण रोहू, कटला, तिलापिया या गोड्या पाण्यातल्या माशांची एक खासियत आहे. जवसासारख्या खाद्यातलं साधं ओमेगा-३ ते यकृतात लांबवून ईपीए आणि डीएचए बनवू शकतात, म्हणजे ज्याच्यासाठी लोक बांगडा-तारली खातात ते. समुद्रातल्या बहुतेक माशांना हे फारसं जमत नाही, त्यांना ते खाण्यातून आयतं मिळतं.

अडचण अशी की ओमेगा-६ आणि ओमेगा-३ दोन्हींचं काम एकाच यंत्रणेवर चालतं. गिरणी एक आणि गिऱ्हाइकं दोन! एकाने शंभर पोती आणून टाकली तर दुसऱ्याचा नंबर कधी लागणार? नुसतं कोंडा-पेंड घातलं की तसंच होतं.

मग आपल्या तळ्यातल्या माशात ओमेगा-३ येतं कुठून? हिरव्या पाण्यातून. शेणखताने वाढलेलं शेवाळ आणि त्यावर जगणारे बारीक जीव यांत ते असतं, आणि ते फुकट आहे. हात कोपरापर्यंत बुडवा. तेवढ्या खोलीवर बोटं दिसेनाशी झाली तर पाणी ठीक. मनगट बुडताच दिसेनाशी झाली तर शेवाळ जास्त झालंय, खत थांबवा. नाहीतर पहाटे ऑक्सिजन कमी पडून मासे वर तोंड काढतात.

रिसॉर्टचा उरलेला भात फुकट मिळतो म्हणून रोज ओतणारेही इथे आहेत. जास्तीच्या पिठूळ खाण्यातून माशाचं यकृत स्वतःच चरबी बनवतं, पण ती संपृक्त आणि ओलेइक प्रकारची, आणि साठते पोटात. वजनकाट्यावर मासा छान दिसतो, कापल्यावर गिऱ्हाईक पोटातला गोळा बघून पुढच्या वेळी येत नाही.

माझी स्वतःची चूक सांगतो. दुकानात एका पावसाळ्यात स्वस्त मिळाला म्हणून कोंडा भरून ठेवला. ताज्या कोंड्यात एक एन्झाइम असतं, गिरणीतून निघाल्यापासून ते तेल फोडायला लागतं, आणि दमट हवेत कोंडा लवकर खवट होतो. मी तसाच विकला. महिन्याभरात दोन गिऱ्हाइकं सांगत आली, मासे खाद्याला तोंड लावत नाहीत. पैसे परत दिले, पण माणसं तुटली ती तुटलीच. खवट तेल माशातलं ई जीवनसत्त्व संपवतं. जपानमध्ये रेशमाचे खवट कोष खाऊन कार्प माशांची पाठ झिजायची, त्या रोगाला तिथे 'सेकोके' म्हणतात. तेव्हा कोंडा आठवड्यापुरताच घ्या, नाहीतर तेल काढलेला घ्या.

आता जवस. काढणीच्या आधी काही आठवडे खाद्यात थोडं जवसाचं तेल मिसळलं तर मांसातलं ओमेगा-३ खरंच वाढतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास तेच असतं. पण वाढलेला भाग बराचसा साध्या ओमेगा-३ चा असतो, डीएचए त्या मानाने कमी. जवसाची पेंड मात्र जास्त घालू नका, तिच्यात माशाला न मानवणारी द्रव्यं असतात.

आणि बोर्डावर 'ओमेगा-३' लिहायचंच असेल तर आधी मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट हातात हवा. एफएसएसएआयचे २०१८ चे जाहिरात आणि दाव्यांचे नियम आहेत. मी त्या मुलाला म्हटलं, सध्या 'आज सकाळी काढलेला रोहू' एवढंच लिही, वीकेंडच्या गिऱ्हाइकाला तेच जास्त कळतं.