खडकवासल्याचे पाणी आणि पेट्रोलची टाकी

५ जून २०२१ रोजी, जागतिक पर्यावरण दिनाचे औचित्य साधून, पुण्यातील तीन पंपांवर निव्वळ इथेनॉल विकण्याच्या प्रायोगिक योजनेचा प्रारंभ पंतप्रधानांनी केला, आणि पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याची मुदत २०३० वरून २०२५ वर आणणारा नीती आयोगाचा अहवालही त्याच दिवशी प्रसिद्ध झाला. या मानासाठी पुण्याची निवड व्हावी यात नवल नव्हते. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, देशोदेशी डिस्टिलरी उभारून देणारी प्राज इंडस्ट्रीज आणि वेताळ टेकडीवर बसून वाहनांच्या इंजिनांची व धुराची परीक्षा घेणारी एआरएआय, या तिन्ही संस्था याच शहराच्या आश्रयाने वाढल्या. आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे पहिले सरकारी प्रयोग २००१ साली ज्या तीन ठिकाणी झाले, त्यांपैकी मिरज व मनमाड ही दोन महाराष्ट्रातलीच होती. मुदत पाळलीही गेली. आज पुणेकर आपल्या स्कूटरमध्ये पाच लिटर पेट्रोल भरतो, तेव्हा त्यातले सुमारे एक लिटर इथेनॉल असते.

या एका लिटराचा जमाखर्च मांडायचा, तर जमेची बाजू आधी मांडणे न्यायाचे होईल. खनिज तेल जाळले म्हणजे कोट्यवधी वर्षे भूगर्भात बंदिस्त असलेला कार्बन नव्याने हवेत मिसळतो. उलट इथेनॉल जाळल्यावर जो कर्बवायू बाहेर पडतो, तो वर्ष-दीड वर्षापूर्वी उसाच्या पानांनी याच हवेतून शोषून घेतलेला असतो, सबब तत्त्वतः हवेवर नवा बोजा पडत नाही. शिवाय इथेनॉलच्या रेणूतच प्राणवायू असल्यामुळे ज्वलन अधिक पूर्ण होते, आणि वर उल्लेखिलेल्या अहवालानुसार वीस टक्के मिश्रणाने विषारी कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दुचाकींत पन्नास व चारचाकींत तीस टक्क्यांनी घटते. दुचाकींनी गजबजलेल्या या शहराला, सिग्नलपाशी नाकावर रुमाल धरून उभ्या राहणाऱ्या माणसाला, ही घट लहान म्हणता येणार नाही. अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखे काही उपद्रवी वायू मात्र किंचित वाढतात, नायट्रोजनच्या ऑक्साइडांत निश्चित असा फरक दिसत नाही, आणि इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असल्याने गाडीचा अ‍ॅव्हरेज कमी पडतो. ही तक्रार हल्ली प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकू येते आणि ती अगदीच निराधार नाही.

खर्चाची बाजू पाहायची तर पंप सोडून कारखान्यावर जावे लागते. उसाच्या रसातून साखरेचे स्फटिक काढून घेतल्यावर जो काळसर, चिकट द्रव उरतो ती मळी. तिच्यात यीस्ट सोडून ती आंबवायची, मग ऊर्ध्वपातन करून मद्यार्क वेगळा काढायचा, आणि त्यातला पाण्याचा अखेरचा अंश काढून टाकला की इंधन तयार. साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून हे होते तोवर व्यवहार चोख आहे, कारण उसाला लागलेले पाणी व खत साखरेच्या खात्यावर आधीच पडलेले असते. तथापि येथेही एक शेपूट राहतेच. एका लिटर इथेनॉलमागे आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी, उग्र वासाचे हे सांडपाणी नदीत शिरले की पाण्यातला विरघळलेला प्राणवायू पार संपवून टाकते आणि मासे पोट वर करून तरंगू लागतात. नीरा व भीमा यांच्या काठच्या गावांना हे दृश्य अपरिचित नाही. आता त्याचा एक थेंबही बाहेर सोडू नये असा दंडक आहे. कारखाने तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात, आणि त्याच्या राखेतले पालाश खत म्हणून पुन्हा शेतात जाते. जेथे ही तजवीज इमानाने होते तेथे दोषाचा गुण झाला असे खुशाल म्हणावे.

परंतु वीस टक्क्यांचे लक्ष्य नुसत्या मळीने गाठता येण्यासारखे नव्हते, म्हणून साखर न करता थेट उसाच्या रसापासून इथेनॉल काढण्यास उत्तेजन मिळाले, आणि खरा प्रश्न येथून सुरू झाला. एक टन उसाच्या रसातून सुमारे सत्तर लिटर इथेनॉल मिळते, आणि असे एक लिटर तयार व्हायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, हा हिशेब कोणा विरोधकाचा नसून नीती आयोगाच्या त्याच अहवालातला आहे. माणशी रोज दीडशे लिटर धरले, तर हे एका माणसाचे एकोणीस दिवसांचे पाणी झाले. म्हणजे स्कूटरच्या त्या पाच लिटरांतले इथेनॉल रसापासून आलेले असेल, तर टाकीबरोबर ते एकोणीस दिवसही भरले गेले. पुण्याच्या बाबतीत ही गोष्ट नुसती अलंकारिक नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचे जे पाणी शहराच्या नळांना येते, तेच मुठा उजव्या कालव्याने हवेली, दौंड, इंदापूरच्या उसाला जाते. आणि उन्हाळा जवळ आला की कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत, शहराला किती ठेवायचे व शेतीला किती आवर्तने सोडायची, यावरून दरवर्षी तीच खडाजंगी होते. शहर तेथे निष्पाप आहे असे मुळीच नाही. मंजूर कोट्याहून अधिक पाणी उचलण्यात पुणे महापालिकेचा हातखंडा आहे. मात्र आवर्तनाच्या या भांडणात पेट्रोलची टाकी हा तिसरा पक्षकार कधीच येऊन बसला आहे, आणि त्याचे नाव बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसते.

निसर्गाने या व्यवहारातला कच्चा दुवा लवकरच दाखवून दिला. २०२३ साली पावसाने ओढ दिली, साखरेच्या तुटवड्याची धास्ती पडली, आणि ७ डिसेंबरला केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल काढण्यास मनाईचे फर्मान काढले. आठवडाभरात रदबदली होऊन सतरा लाख टन साखरेइतकी मर्यादित मुभा मिळाली खरी, पण कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेल्या कारखानदारांची झोप उडाली ती उडालीच. मग मक्याकडे मोर्चा वळला. त्याला पाणी कमी लागते हे उत्तम. पण तो कोंबड्यांचे खाद्य असल्याने पोल्ट्रीवाल्यांनी गळा काढला, आणि मका निर्यात करणारा आपला देश तो आयात करू लागला.

माझ्या मते जैवइंधनाचे भले रूप पाहायचे ते उरल्यासुरल्यातून निघणाऱ्या इंधनात. ऊसतोडणीनंतर फडात उरलेले पाचट बहुतेक शेतकरी पेटवून देतात, आणि संध्याकाळी त्याच्या काळ्या चिंध्या वाऱ्यावर उडत पार गावातल्या वाळवणावर येऊन पडतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने त्याच पाचटाचा कोळसा करून चुलीसाठी कांड्या बनविण्याची रीत बसवली व २००२ साली तिला अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. चार वर्षांनी तेच पारितोषिक खरकट्यावर चालणाऱ्या छोट्या बायोगॅस संयंत्राला मिळाले. त्यामागचा विचार मोठा मार्मिक आहे: शेण म्हणजे गाईने सत्त्व काढून घेतलेला चोथा, तेव्हा जिवाणूंना तो चोथा चारण्यापेक्षा त्यांच्यापुढे शिळा भात, पिठाचे पाणी, खराब झालेली फळे ठेवली, तर शेणाला ज्यासाठी आठवडेच्या आठवडे लागतात तो गॅस एक-दोन दिवसांत मिळू लागतो. एका प्लास्टिकच्या टाकीत दुसरी पालथी टाकी तरंगत ठेवलेली, गॅस साठेल तशी वर उचलली जाणारी. गच्चीवर मावणारे यंत्र ते एवढेच. पलीकडे सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर संस्थेने गोड ज्वारीपासून मद्यार्क काढण्याचे प्रयोग गेल्या शतकातच केले होते. कणीस माणसाला, चिपाड गुराला आणि ताटाचा रस इंधनाला अशी ती वाटणी आहे, आणि पाणी उसाच्या मानाने कितीतरी कमी.

कचऱ्यातून इंधन म्हणजे सगळे सुगंधीच असते असे नव्हे. बाणेरच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पाविरुद्ध दुर्गंधीची तक्रार घेऊन रहिवासी हरित न्यायाधिकरणाकडे गेले, तेथे तो हलविण्याचा हुकूम झाला, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लोकहिताचे कारण देऊन तो हुकूम रद्द केला. शहराचा कचरा कोणाच्या तरी दाराशी जिरवायचा, हे मान्य केल्याशिवाय त्याचा गॅस होत नाही.

सरकारचे मत मात्र त्याच्या दरपत्रकात वाचावे. इथेनॉलचा खरेदीदर कच्च्या मालाप्रमाणे वेगवेगळा ठरतो, आणि २०२४-२५ साली साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीच्या इथेनॉलला लिटरमागे ५७ रुपये ९७ पैसे, साखरेचा अंश राखलेल्या बी-हेवी मळीच्या इथेनॉलला ६० रुपये ७३ पैसे, तर थेट रसाच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे असा दर होता. गमावलेल्या साखरेची भरपाई म्हणून हा चढता क्रम समजण्यासारखा आहे. पण जो माल कालव्यावर नवा भार टाकत नाही त्याला सर्वांत कमी आणि जो एका लिटराला २,८६० लिटर पाणी पितो त्याला अधिक, असा त्याचा अर्थ इंदापूरचा शेतकरी आणि त्याचा कारखाना दोघेही बरोबर लावतात. दर ठरविताना साखरेबरोबर पाण्याचाही रकाना आखावा, एवढी दुरुस्ती दिल्लीच्या दफ्तरात बसून एका बैठकीत करता येण्यासारखी आहे.