परदेशस्थ अमेरिकनांचा आयकर

माणूस जेथे राहतो व जेथे मिळवितो, तेथे त्याने कर भरावा, हा बहुतेक राष्ट्रांचा शिरस्ता आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी मात्र आयकराचे नाते नागरिकत्वाशी जोडले आहे. अमेरिकन नागरिक पुण्यात नोकरी करो की टोकियोत, त्याची जगभरातील मिळकत त्या सरकारच्या हिशेबात धरली जाते.

या प्रथेचे मूळ अमेरिकन यादवी युद्धात आहे. परदेशी राहणाऱ्या नागरिकांच्या अमेरिकेतील मालमत्तेच्या उत्पन्नावर १८६१ च्या कायद्याने प्रथम कर ठरविला. पुढे मेक्सिको सिटीत स्थायिक झालेल्या जॉर्ज कुक यांनी, मेक्सिकोतील मिळकतीवर १९२१ सालचा कर मागण्याचा अमेरिकेला अधिकारच काय, असा सवाल न्यायालयात केला. नागरिक कोठेही असला तरी राज्याच्या छत्राचा लाभ त्याला मिळतच असतो, म्हणून हा अधिकार अबाधित आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२४ साली दिला. त्या छत्राची सावली कुक यांना मेक्सिकोत कितपत जाणवत होती, हा प्रश्न निराळा!

एकाच पैशावर दोनदा कर बसू नये, याची तरतूद मात्र कायद्यात आहे. परदेशी सरकारला भरलेला आयकर काही मर्यादेत अमेरिकन करातून वजा होतो. शिवाय परदेशात श्रम करून मिळविलेले उत्पन्न ठराविक रकमेपर्यंत वगळता येते. २०२५ या वर्षासाठी ही रक्कम १,३०,००० डॉलर आहे. त्यासाठी परदेशात खरेखुरे वास्तव्य सिद्ध करावे लागते, किंवा सलग बारा महिन्यांत किमान ३३० पूर्ण दिवस परदेशात काढल्याचे दाखवावे लागते. व्याज, लाभांश, घरभाडे आणि निवृत्तिवेतन यांना ही सवलत नाही.

खरी गोम पुढेच आहे. सवलत आपोआप लागू होत नाही. ती विवरणपत्र भरून मागावी लागते. ‘आपला कर शून्यच निघणार, मग कागद कशाला भरायचे?’ असे म्हणणारे येथेच फसतात. विवरणपत्राची नेहमीची मुदत १५ एप्रिल. परदेशी राहणाऱ्यांना ती १५ जूनपर्यंत मिळते, पण थकलेल्या करावरील व्याज एप्रिलपासूनच चढू लागते. त्यातून भारतात नोकरी करणाऱ्याचे आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, अमेरिकेचे जानेवारी ते डिसेंबर. तेव्हा पगाराचे कागद दोन वर्षांतून जुळवून रुपयांचे डॉलर करावे लागतात.

बँकखात्यांची माहिती हा आणखी निराळा व्याप. परदेशी खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात एकदा जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी स्वतंत्र अहवाल द्यावा लागतो. रुमेनियात परतलेल्या बिटनर नावाच्या व्यापाऱ्याने पाच वर्षांचे अहवाल वेळेवर दिले नाहीत. सरकारने प्रत्येक खात्यामागे दंड मोजून २७ लाखांहून अधिक डॉलर मागितले. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नव्हे, अहवालागणिक मोजावा, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविल्यावर तो ५०,००० डॉलरच्या मर्यादेत आला.

हा विषय मराठी घरांना परका राहिलेला नाही. आईवडील नोकरीनिमित्त न्यू जर्सीत असताना जन्मलेले मूल जन्मतःच अमेरिकन नागरिक ठरते. ते दोन वर्षांचे असताना कुटुंब बडोद्यास किंवा इंदुरास परत आले, पुढे तेथेच शिकून ते कमावते झाले, तरी नागरिकत्व आहे तोवर बंधनही आहे. ग्रीन कार्ड जवळ ठेवून मायदेशी परतलेल्यांचीही बहुधा हीच स्थिती असते. भारत व अमेरिका यांच्यात २०१५ साली झालेल्या करारानुसार येथील बँका अशा खातेदारांची माहिती भारत सरकारमार्फत अमेरिकेस कळवितात. खाते उघडताना जन्मस्थान आणि करदात्याचा देश विचारणारे जे रकाने अर्जावर असतात, ते त्याचसाठी.