गर्भाशय गेले, आणि कायद्याचे दारही बंद

कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाच्या आणि १ लाख २७ हजार स्त्रियांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाले. या सगळ्याच काही पन्नाशी-साठीच्या नव्हत्या. ज्यांना अजून मूल हवे होते, पण उपचारांमुळे स्वतः गरोदर राहणे शक्य उरले नाही, त्यांची पुढची लढाई कायद्यातल्या आकड्यांशी आहे.

२५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या सरोगसी कायद्यानुसार विवाहित जोडप्यात पत्नी २३ ते ५० आणि पती २६ ते ५५ वर्षांचा हवा. एकटी स्त्री विधवा किंवा घटस्फोटित असली तरच पात्र, तीही ३५ ते ४५ या वयात. कर्करोगामुळे गर्भाशय काढावे लागले तर सरोगसी करता येते, असे नियमांत स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे आजार मान्य आहे, अविवाहित रुग्ण मात्र मान्य नाही.

समजा, २९ वर्षांच्या अविवाहित मुलीचे गर्भाशय शस्त्रक्रियेत गेले, पण बीजांडकोश शाबूत राहिले. तिला सरोगसी नाही. तिच्याच वयाची, गर्भाशय असलेली अविवाहित मैत्रीण मात्र दात्याचे शुक्राणू घेऊन आयव्हीएफ करू शकते. २०२१ चा एआरटी (साहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायदा २१ ते ५० वयातल्या कोणत्याही स्त्रीला ती मुभा देतो. जिला सरोगसीवाचून दुसरा मार्गच नाही, तिलाच ती नाकारायची, हा अन्याय आहे. ३१ व्या वर्षी घटस्फोट झालेल्या स्त्रीने चार वर्षे का थांबायचे, याचे वैद्यकीय उत्तर कुणी देऊ शकत नाही.

बीजांचा नियम आणखी कठोर. मार्च २०२३ मध्ये स्त्रीबीज आणि शुक्राणू दोन्ही जोडप्याचेच हवेत, असे ठरले. फेब्रुवारी २०२४ मध्ये जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर एक बीज दात्याचे घेण्याची सवलत मिळाली, पण फक्त जोडप्यांना. विधवा वा घटस्फोटितेला स्वतःचेच स्त्रीबीज लागते. केमोने किंवा ओटीपोटावरच्या रेडिएशनने ते संपले असेल, तर तिचा मार्ग तिथेच खुंटतो.

९ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायदा लागू होण्यापूर्वी भ्रूण गोठवलेल्या जोडप्यांना वयोमर्यादा लागू होणार नाही, असा निर्णय दिला. उपचारांपूर्वी बीज गोठवून ठेवलेल्या कर्करोगमुक्त स्त्रियांसाठीही संसदेने वयाची आणि विवाहाची अट शिथिल करावी.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. घरात तरुण मुलीला कर्करोगाचे निदान झाले, तर पहिल्या केमोआधीच डॉक्टरांना स्त्रीबीज गोठवण्याबद्दल विचारा. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. मुलगी अविवाहित आहे म्हणून हा प्रश्न टाळू नका.