परकम्मावासी आले, उतार दाखवा

मंडळी, कार्तिक सरला की आपल्या सातपुड्यात नर्मदा परिक्रमेचे जथे दिसू लागतात. मैया उजव्या हाताला ठेवायची, तिला ओलांडायचे नाही, हा नेम. उपनद्या, नाले मात्र उतरावेच लागतात, आणि खरी गोम तिथेच आहे. सरदार सरोवराची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, २०१९ साली ते प्रथमच काठोकाठ भरले. पाणी चढले की नाल्याच्या मुखाशी फुगवटा येतो. वरून संथ दिसतो, खाली गाळ! परगावच्या माणसाला काय कळणार? तुम्ही चहा, सदाव्रत देताच. पोलीस पाटलांनी उतारही दाखवावा. फुगवट्याच्या वर, खडकाळ तळ आणि वाहते पाणी असेल तिथूनच जथा न्यावा. दिवस कलला असेल तर शाळेच्या ओसरीवर मुक्काम करा म्हणावं.