वाशीच्या शिवारांतील पायवाटा

वाशी हें नांव उच्चारतांच शहरांतील बहुतेकांच्या डोळ्यांपुढें मुंबईच्या खाडीपलीकडचें, उंच इमारतींचें आणि गजबजलेल्या स्थानकाचें वाशी उभें राहतें. परंतु महाराष्ट्रांत दुसरेंही एक वाशी आहे. धाराशिव जिल्ह्यांत (२०२३ पर्यंत या जिल्ह्याचें नांव उस्मानाबाद होतें) बालाघाटाच्या पठारावर वसलेलें हें एक तालुक्याचें गांव. नांवाजलेला किल्ला किंवा लेणें येथें नाहीं, आणि प्रवासवर्णनांत या गांवाला फारसें स्थान मिळालेलें नाहीं. तरीही ज्याला सकाळचे दोन-तीन तास मोकळे आहेत आणि ज्याच्या पायांना डोंगर चढण्याची हौस किंवा शक्ति नाहीं, अशा माणसाला या गांवाच्या आसपास पायीं फिरण्यांत जें मिळतें तें पुष्कळ प्रसिद्ध स्थळींही मिळत नाहीं.

इंग्लंडमधील एखाद्या खेड्यांत शेतांतून चाललेला अनोळखी मनुष्य दिसला, तर तो फिरावयास निघाला आहे असें कोणीही गृहीत धरतो. मराठी खेड्यांत तसें नाहीं. येथें चालणाऱ्याला कांहीं तरी कारण असतें. तो शेताला जातो, बाजाराला जातो, नाहीं तर देवाला जातो. चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरीची वाट माणसांनीं भरून जाते. कोजागिरीला सोलापूरहून हजारों लोक पायीं तुळजापूर गांठतात. महाराष्ट्राला चालण्याची संवय नाहीं असें आषाढीची वारी पाहणारा तरी म्हणणार नाहीं. मात्र निष्कारण चालणें ही कल्पना येथें नवी आहे. म्हणून वाशीच्या शिवारांत शिरणाऱ्या पाहुण्याला पहिल्याच बांधावर प्रश्न येतो, “कुणीकडं निघालात, पाव्हणं?” त्यांत संशय असतो तितकाच जिव्हाळाही असतो. “शिवार बघाय आलोय,” एवढ्या उत्तरानें काम भागतें, आणि पुष्कळदां पुढची वाट दाखविणाराही त्यांतूनच भेटतो.

वाट समजण्यासाठीं अगोदर गांवाची रचना समजावी लागते. मराठी गांवाचे जुने भाग दोन: पांढरी आणि काळी. घरें जिच्यावर उभीं असतात ती पांढरी. पीक जिच्यांत येतें ती काळी. पांढरींतून काळींत जाणारा, दोन्ही बाजूंनीं शेतांनीं वेढलेला आणि बैलगाडीच्या चाकोऱ्यांनीं खोलावलेला जो सामाईक रस्ता, त्याला पाणंद म्हणतात. दोन गांवांच्या हद्दीवरून जातो तो शिवरस्ता. याशिवाय बांधाबांधानें गेलेल्या पाऊलवाटा असतात. सरकारी गांवनकाशावर हें सर्व काढलेलें असतें. तेथें गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनें दाखवितात, पायमार्ग एका तुटक रेषेनें. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरली जाते. प्रत्यक्षांत ती वीतभर उरलेली असली तरी कागदावर तितकीच असते. तलाठ्याकडील असा नकाशा पाहून निघालेल्या माणसाला दुसऱ्या मार्गदर्शक पुस्तकाची गरज पडत नाहीं.

पहिली आणि सर्वांत सोपी फेरी वाशीच्या कोणत्याही पाणंदीची. ती मार्गशीर्ष-पौषांत करावी. दोन्ही अंगांना शाळू ज्वारी माणसाच्या उंचीची झालेली असते आणि तिच्या पात्यांची सळसळ वारा नसतांनाही थांबत नाहीं. हरभऱ्यावर सकाळचें दंव असतें. त्या दंवांत आंब उतरलेली असते आणि पाल्याला हात लावून बोट चाटलें तर ती जिभेला कळते. करडईचे कांटे बैलांना दूर ठेवतात, म्हणून ती ज्वारीच्या कडेनें पेरण्याची जुनी रीत आहे. बांधावर बाभूळ, लिंब आणि बोर हीं नित्याचीं झाडें. तारेवर बसलेला नीलकंठ उडाला कीं त्याच्या पंखांतला निळा रंग एकाएकीं उघडतो. तासाभरांत दीड-दोन मैल होतात. चढ म्हणण्यासारखा कोठेंच लागत नाहीं.

दुसरी फेरी तेरखेड्याची. फटाक्यांच्या धंद्यासाठीं हें गांव ओळखलें जातें; परंतु पायीं फिरणाऱ्याला तेथें नेणारी गोष्ट निराळी आहे. तेरणा नदी या गांवाच्या परिसरांत उगम पावते. नदीचा उगम म्हटला कीं मनांत कुंड, गोमुख आणि मंदिर येतें. येथें मात्र पावसाळ्यानंतर एखाद्या वघळींतून सरकणारें घोटाभर पाणी दिसतें आणि तें एका ढांगेंत ओलांडतां येतें. हेंच पाणी पुढें तेर या गांवाजवळून जातें. तेर म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ग्रीक प्रवासवर्णनांत आलेलें तगर. येथील माल तेव्हां भडोचच्या बंदराकडे जात असे. संत गोरा कुंभारांचें गांवही हेंच. ज्या ओहोळावरून एखादें लहान मूल सहज उडी मारील, त्याच्या कांठीं खालीं एवढा इतिहास घडला, ही गोष्ट वाचून जितकी पटते त्याहून त्या ओहोळापाशीं उभें राहून अधिक पटते.

तिसरी फेरी मांजरेची. बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत उगम पावून ही नदी बीड आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांच्या सीमेनें पूर्वेकडे वाहते. वाशी तालुक्यांतील पारगांवाच्या बाजूनें तिच्या कांठावर उतरतां येतें. याच नदीवर पुढें धनेगांवला धरण आहे आणि लातूर शहर त्याच्या पाण्यावर अवलंबून असतें. तें धरण आटलें तेव्हां, एप्रिल २०१६ मध्यें, मिरजेहून आगगाडीनें लातूरला पाणी न्यावें लागलें. नळाची तोटी फिरविणाऱ्या कुटुंबाला आपलें पाणी कोठून येतें हें क्वचितच ठाऊक असतें. मांजरेच्या कांठानें अर्धा तास चाललेल्याला तें सांगावें लागत नाहीं. वाशीकडील पठारावर पडलेल्या पावसाचे दोन मार्ग होतात. उत्तर-पूर्वेकडील पाणी मांजरा-तेरणेंतून गोदावरीला मिळतें. भूमच्या बाजूनें पश्चिम-दक्षिणेकडे उतरणारें पाणी सीनेंतून भीमेला आणि तेथून कृष्णेला जातें. एखाद्या माळाच्या माथ्यावर उभ्या राहणाऱ्याच्या उजव्या-डाव्या हाताला अशा दोन महानद्यांची वांटणी झालेली असते.

ज्यांना थोडा चढ चालतो त्यांनीं शेजारच्या भूम तालुक्यांतील कुंथलगिरीला जावें. कुलभूषण व देशभूषण या मुनींच्या निर्वाणाचें स्थान म्हणून जैन समाज या टेकडीला सिद्धक्षेत्र मानतो. आयुष्यभर पायींच विहार केलेल्या आचार्य शांतिसागरांनीं १९५५ मध्यें येथेंच सल्लेखना घेऊन देह ठेवला. टेकडीवर मंदिरें आहेत, आणि खालीं उतरल्यावर या भागाचा प्रसिद्ध खव्याचा पेढा आहे.

या फेऱ्यांना विशेष सामग्री लागत नाहीं. पण काळवेळ पाहावी लागते. पावसाळ्यांत काळी माती वहाणेला असा लोंदा धरते कीं दहा पावलांत पाय शेरभर जड होतो. त्या दिवसांत मुरमाड माळाची वाट धरावी. भाद्रपद-आश्विनांत गवत वाढलेलें असतें. घोणस व फुरसें यांच्या भीतीनें बूट घालून आणि काठी आपटीत चालावें. फाल्गुनानंतर ऊन सोसवत नाहीं. सूर्य वर येण्यापूर्वीं परतावें. पाणी जवळ ठेवावें. उभ्या पिकांतून कधींही जाऊं नये, मोडलेला बांध ओलांडतांना दगड ढकलूं नयेत, आणि मालकाला विचारल्यावांचून हरभऱ्याचा डहाळाही उपटूं नये. विचारलें तर तो बहुधा ओंजळभर देतो.

एवढें सांगून विषय संपला असता; परंतु या सर्व फेऱ्या ज्या वाटांवर अवलंबून आहेत त्या वाटाच आज कमी होत आहेत. वाटण्या होऊन शेतें लहान झालीं, तशी बांधालगतची प्रत्येक वीत मोलाची झाली. कोणी वर्षाला एक तास पाणंदींत घालतो; समोरचाही तेंच करतो. दहा वर्षांनीं गाडी जात नाहीं, वीस वर्षांनीं माणूसही जात नाहीं. मग पलीकडच्या शेतकऱ्याचा ऊस शेतांत वाळतो, त्याच्या मुलांना शाळेला जातांना चिखल तुडवीत वळसा पडतो, आणि भावाभावांत खटले उभे राहतात. कायदा याबाबत मुका नाहीं. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याच्या कलम ५ अन्वयें वहिवाटीच्या रस्त्यांतील अडथळा दूर करण्यासाठीं सहा महिन्यांच्या आंत दाद मागतां येते. जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ प्रमाणें तहसीलदार बांधावरून रस्ता देऊं शकतो. २०२१ मध्यें राज्य सरकारनें शेत-पाणंद रस्त्यांसाठीं स्वतंत्र योजनाही काढली.

इंग्लंडच्या उदाहरणांत एक महत्त्वाचा भेद आढळतो. तेथें १९३२ च्या एप्रिलमध्यें डर्बीशायरांतील किंडर स्काउट या बंद माळरानावर शेंकडों सामान्य लोक जाणूनबुजून चालून गेले आणि त्यांतील पांच तरुणांना तुरुंगवास झाला. १९४९ च्या कायद्यानें प्रत्येक कौंटीला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करणें भाग पडलें. ती वाट तेथें कोणाही चालणाऱ्याच्या हक्काची असते. आपल्याकडे हक्क प्रामुख्यानें शेतकऱ्याचा, आपल्या शेतांत पोहोंचण्यापुरता. आणि तें योग्यही आहे, कारण ज्याचें पोट त्या वाटेवर आहे त्याचा मान पहिला. परंतु ज्या वाटेवर फक्त एकाच घराचें पाऊल पडतें ती बुजविणें सोपें जातें. जिच्यावर गांवाचें, पाहुण्यांचें, शाळकरी पोरांचें येणें-जाणें असतें तिच्यांत नांगर घालतांना हात अडखळतो.

या भागानें त्यासाठीं एक दिवस आपल्या पंचांगांतच राखून ठेवला आहे. मार्गशीर्ष अमावास्या, म्हणजे वेळ अमावास्या, धाराशिव आणि लातूर या जिल्ह्यांत ‘येळवस’ या नांवानें साजरी होते. त्या दिवशीं गांवें ओस पडतात, बाजार बंद राहतात, आणि झाडून सारीं माणसें भज्जी, आंबील व बाजरीचे उंडे घेऊन रानांत जातात. कडब्याच्या कोपींत पांडवांची पूजा होते. पुण्या-मुंबईस स्थायिक झालेलीं कुटुंबेंही या सणाला परततात. अलीकडे तीं शेताच्या तोंडाशीं मोटार उभी करतात, आणि जेथें मोटार पोहोंचत नाहीं तें शेत दुसऱ्या वर्षीं टाळलें जातें. त्यांनीं पांढरीपासून काळीपर्यंतचा तेवढा अर्धा कोस, आंबिलीची घागर नसली तरी निदान मुलांचा हात धरून, पाणंदींतून पायीं चालावा. मुलाला आजोबांच्या शेताची वाट त्याच्या पायांनीं ठाऊक होईल, आणि त्या वाटेलाही तिचीं माणसें ठाऊक राहतील.